कॉम्प्रेशन आणि प्लग: इंजिन उघडण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज वाईला आहे, पसरणी घाट चढायच्या अलीकडे. घाटात गाडी दमली की माणसाला इंजिनाची आठवण होते, त्यामुळे हे प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज ऐकावे लागतात. बरेच जण दुसरीकडून "इंजिनाचं काम निघालंय" हे ऐकून आलेले असतात. उत्तरं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. डिझेलचं शेवटी दोन ओळीत.

कॉम्प्रेशन तपासतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

सायकलचा जुना पंप आठवा. आतला वायसर वाळला की दांडा खालीवर होतो, पण चाकात हवा जात नाही. इंजिनात पिस्टन हा तो दांडा आणि रिंगा म्हणजे वायसर. फरक एवढाच की इथे हवा पळायला आणखी वाटा आहेत: इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, गॅस्केट. प्लग काढून त्या जागी गेज लावायचं, सेल्फ मारायचा आणि पिस्टन किती दाब तयार करतो ते बघायचं. इंजिन या वेळी चालू नसतं, फक्त फिरत असतं. त्यामुळे हे गेज पेट्रोल, करंट, सेन्सर यांच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. सिलिंडर हवाबंद आहे की नाही, एवढंच सांगतं.

आधी प्लग बघायचे की कॉम्प्रेशन?

प्लग काढल्याशिवाय कॉम्प्रेशन घेताच येत नाही, तेव्हा प्लग आधीच हातात येतात. पण काढण्याआधी गाडी किमान दहा-पंधरा किलोमीटर नीट पळवून आणा. अर्धा तास आयडलवर उभ्या असलेल्या गाडीचे प्लग काळे दिसणारच, त्यावरून काही ठरवू नका.

काढताना प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा. तिथे वर्षानुवर्षं साठलेली वाळू प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि मग तपासणीच दुखणं होऊन बसते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून तापल्या इंजिनाचे प्लग जोर लावून काढू नयेत, आटे निघून येतात. उलट कॉम्प्रेशन तर गरम इंजिनाचंच घ्यायचं असतं. आम्ही सकाळी थंड असताना प्लग पाव फेरा सैल करून परत हलकेच बसवतो, मग गाडी फिरवून आणतो. गरम असताना ते बोटाच्या जोरावर सुटतात.

निघालेले प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने उभे करायचे आणि ट्रेवर १, २, ३, ४ लिहायचं. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. मूठभर प्लग फडक्यात गुंडाळून दाखवणाऱ्या माणसाकडे "यातला तिसरा कुठला?" असं विचारून बघा.

प्लगच्या रंगावरून काय कळतं?

मधल्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकाकडे बघायचं. फिकट बदामी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरची तक्रार नाही. कोरडी, काजळीसारखी, बोटाला लागणारी काळी पूड म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, ठिणगी कमजोर आहे, नाहीतर गाडी नुसती भाजी आणण्यापुरती फिरते. ओला, चकचकीत, तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. खडूसारखा पांढरा, त्यावर बारीक फोड आणि इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर सिलिंडर जास्त तापतोय. इथे लगेच थांबा: हवेची गळती, कूलिंग किंवा चुकीच्या उष्णतेचा प्लग यापैकी काहीतरी आहे. विटकरी रंगाचा थर बहुधा पेट्रोलमध्ये ओतलेल्या एखाद्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीचा असतो.

आणखी एक खूण सहज सुटते. तीन प्लग बदामी आणि एकच धुऊन काढल्यासारखा लख्ख. मालक खूश होतो, आम्ही नाही. त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असेल तर वाफेने प्लग असा साफ होतो. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय का, हा आमचा पुढचा प्रश्न असतो.

रंग वाचण्याची ही विद्या बरीचशी शिसेवाल्या पेट्रोलच्या आणि कार्बोरेटरच्या जमान्यातली आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, पाठोपाठ इंजेक्शन सर्रास झालं. आता ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा-पेट्रोलचं मिश्रण सतत सावरत असतात. त्यामुळे आजच्या गाडीत रंगाच्या छटांवरून मिश्रणाचं भविष्य सांगण्यात फारसा अर्थ नाही. तेल आहे का, जास्त उष्णता आहे का, आणि चारांपैकी एखादा वेगळा दिसतो का, या तीनच गोष्टी मी बघतो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

प्लग ऑइलने माखलाय. इंजिन गेलं का?

कुठे माखलाय ते आधी बघा. वरच्या षटकोनी भागावर, कॉइलच्या रबरावर ऑइल असेल तर ते बाहेरून आलंय. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय, ते बदललं की विषय संपला. हे ऑइल बघून रिंगांचं काम सांगणारे भेटतात. अशा वेळी प्लग उलटा करून खालचं टोक दाखवायला सांगायचं. ते कोरडं, बदामी असेल तर सिलिंडरच्या आत ऑइल नाही.

चिनीमातीवर, पत्र्याच्या कडेलगत तपकिरी पट्टा दिसतो, त्यालाही लोक घाबरतात. उच्च दाबाच्या करंटमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. उभी काळी रेघ मात्र वेगळी. ती म्हणजे करंट आत न जाता बाहेरून उडी मारतोय. प्लगसोबत कॉइलचं रबरही बदला.

कॉम्प्रेशन घेण्याची पद्धत काय?

बॅटरी भरलेली हवी. सेल्फ रडत फिरला तर रीडिंग कमीच येणार. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजेक्शन बंद करायचं, कॉइलचे कनेक्टर काढायचे. हे चुकवू नका. उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ उडत असताना बाजूला मोकळी ठिणगी नको. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, सगळे प्लग बाहेर. एकच प्लग काढून बाकीचे तसेच ठेवले तर इंजिन हळू फिरतं आणि आकडा खोटा येतो.

मग एक जण आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतो. ड्राइव्ह-बाय-वायर गाड्यांत, म्हणजे पेडलला केबल नसलेल्या, नुसतं पेडल दाबून थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) उघडेलच असं नाही, तिथे डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते. सेल्फ मारला की फुस, फुस असे आवाज येतात, ते मोजायचे. पाच-सहा फुसकाऱ्या पुरेत, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच द्यायच्या. काटा कसा चढतो हेही बघा. पहिल्याच फुसकारीत निम्म्यावर उडी आणि चौथ्यापर्यंत पूर्ण, ही तब्येतीची खूण. पहिल्यांदा कमी आणि मग एकेक पायरी चढत राहिला तर संशय रिंगांवर. सुरुवातीलाच कमी आणि पुढेही फारसा हलत नाही, तर व्हॉल्व्हवर.

गेज आट्यांचं घ्या. रबरी टोकाचं हाताने दाबून धरायचं गेज घाईला ठीक, पण धरणाऱ्याचा हात जेवढा थकतो तेवढं इंजिन म्हातारं दिसतं.

किती आलं म्हणजे चांगलं?

एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू होत नाही, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असेल तो खरा. नमुन्यादाखल जिप्सी-एस्टीमच्या पिढीचं सुझुकीचं १३०० सीसी इंजिन घ्या. नवं असताना चौरस सेंटिमीटरला १४ किलो, म्हणजे सुमारे १९९ पीएसआय (चौरस इंचाला पौंड; पुढचे सुटे आकडे यातच आहेत). १२ किलोच्या, म्हणजे १७० पीएसआयच्या खाली गेलं की दुरुस्ती. आणि कुठल्याही दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा, म्हणजे साधारण १४ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

ही शेवटची अट मला सगळ्यात जास्त पटते. गेज थोडं खोटं बोलत असेल, बॅटरी मऊ असेल, हवा विरळ असेल, पण ते चारही सिलिंडरांना सारखंच लागू होतं. १५५, १५०, १५५, १५२ वाली जुनी गाडी अजून बरीच वर्षं चालेल. १८५, १८२, १२०, १८४ वाली मात्र आजारी आहे, जरी तिच्यातले तीन आकडे पहिलीपेक्षा भारी असले तरी. मॅन्युअल हाताशी नसेल तेव्हा गॅरेजमध्ये चालणारा ठोकताळा असा: सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नको. तो ढोबळ आहे, कंपनीची मर्यादा त्यापेक्षा कडक असते.

इंजिनाचं कॉम्प्रेशन ९:१ आहे असं लिहिलंय, मग गेजवर ९ऐवजी १२-१४ किलो कसे?

९:१ हे जागेचं गुणोत्तर आहे, दाबाचं नाही. हवा झटकन दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा जास्त दाब देते. पंपाचं खालचं टोक गरम होतं ते याचमुळे.

एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे. रिंगा की व्हॉल्व्ह?

प्लगच्या भोकातून त्या सिलिंडरमध्ये एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडा, सेल्फ एक-दोनदा फिरवून ते पसरू द्या आणि पुन्हा रीडिंग घ्या. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा चांगलाच वर आला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, नाहीतर गॅस्केट. चमचा म्हणजे चमचाच. अर्धी वाटी ओतली तर ऑइलच जागा व्यापतं आणि आकडा उगाच फुगतो.

एक प्रसंग सांगतो. चार सिलिंडरची सीएनजी गाडी, टुरिस्टची. आयडलला थरथर, घाटात दुसऱ्या गिअरवर. मालकाला पूर्ण इंजिनाचा खर्च सांगितलेला. रीडिंग आली १७८, १७५, ९६, १८०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं, आकडा १००. म्हणजे रिंगा संशयातून सुटल्या. तिसरा प्लग पाहिला तर कोरडा, किंचित काळसर, तेलाचा थेंब नाही. टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या माथ्यावरच्या फटीत, म्हणजे टॅपेटच्या गॅपमध्ये, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात पातळ पातंही जाईना. गॅपच उरला नव्हता, त्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. गॅप सेट केला, शंभरेक किलोमीटर चालवून परत बोलावलं, १६८. व्हॉल्व्हची कडा जळायच्या आत गाडी आली हे मालकाचं नशीब. महिनाभर आणखी ओढली असती तर हेड उतरवावंच लागलं असतं.

मग नुसतं कॉम्प्रेशन घेतलं तर पुरेल ना? प्लग कशाला बघायचे?

नाही पुरत, आणि इथेच बहुतेक चुकीची इंजिनं उघडली जातात. ऑइल वर येण्याच्या दोन वाटा कॉम्प्रेशनच्या गेजला दिसतच नाहीत. एक म्हणजे व्हॉल्व्ह सील. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतं, सकाळी सेल्फ मारला की निळा धूर आणि मिनिटभरात गायब. व्हॉल्व्ह स्वतः घट्ट बसतोय, त्यामुळे कॉम्प्रेशन फक्कड. दुसरी म्हणजे पिस्टनची खालची, ऑइल पुसणारी रिंग कार्बनने चिकटणं. दाब धरायचं काम वरच्या दोन रिंगांचं, त्या ठीक असतील तर आकडा ठीकच येतो आणि ऑइल मात्र हजार किलोमीटरला डोळ्यांदेखत कमी होतं. दोन्हींत प्लग ओला, तेलकट सापडतो.

म्हणून दोघांची साक्ष एकत्र घ्यायची. प्लग तेलकट, कॉम्प्रेशन कमी, चमचाभर ऑइलने वाढलं: रिंगा-बोअर. प्लग तेलकट पण कॉम्प्रेशन उत्तम: सील किंवा ऑइल रिंग. आणि सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात, हे विचारून घ्या. प्लग कोरडा पण कॉम्प्रेशन कमी: व्हॉल्व्ह. प्लग काजळीने काळा आणि कॉम्प्रेशन उत्तम: इंजिनाला हात लावू नका, कॉइल, इंजेक्टर, सेन्सर, एअर फिल्टर बघा. शेवटच्या प्रकारच्या गाड्याच आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कमी आहे.

त्या दोघांमधलं हेड गॅस्केट जळालंय असं समजून चला. गाडी मधे कधीतरी तापली होती का, हे मालकाला विचारा. "नाही" म्हणाले तर ड्रायव्हरला विचारा.

सगळ्यांचंच सारखं कमी आलं तर?

आधी स्वतःवर संशय घ्या. माझी फजिती सांगतो. एकदा चारही सिलिंडरांत ११०च्या आसपास आलं आणि मी मालकाला गंभीर चेहऱ्याने "इंजिन थकलंय" सांगून टाकलं. चहा पिताना पोऱ्याला विचारलं, "अ‍ॅक्सिलरेटर दाबला होतास ना?" तो म्हणाला, "तुम्ही फक्त चावी फिरव म्हणालात." थ्रॉटल बंद, हवा आत जाणार कुठून? पुन्हा घेतलं तर १७०च्या पुढे. मालकाची माफी मागितली, चहाचे पैसे मी दिले.

थ्रॉटल, बॅटरी, गेज सगळं ठीक असूनही चारही सारखे कमी असतील तर टायमिंग चेन किंवा बेल्ट एखाद-दुसरा दात सरकलाय का बघा. व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडले-मिटले की सगळ्यांचा दाब एकसारखा पडतो. चारही सिलिंडरांच्या रिंगा अगदी सारख्या झिजाव्यात असं क्वचित होतं. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीतही आकडे कमी येतात. ती थोडी पळवून पुन्हा घ्या.

नव्या गाडीपेक्षाही जास्त आलं. चांगलंच ना?

नाही. पिस्टनवर कार्बनचा थर साठून जागा आक्रसली असेल, किंवा ऑइल भरपूर येत असेल. अशा गाड्या चढाला खडखडतात.

सीएनजीमुळे कॉम्प्रेशन जातं का?

गॅसमुळे थेट नाही. पेट्रोलचे थेंब आत येताना व्हॉल्व्हला थोडा गारवा देतात, गॅस कोरडा असतो. व्हॉल्व्ह आणि सीट झिजून व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. त्या टुरिस्ट गाडीत हेच झालं होतं. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, सैल करतं. म्हणून कुणी तक्रार घेऊन येत नाही. ज्या इंजिनांत गॅप हाताने सेट होतो, त्यांत मॅन्युअलच्या मुदतीत तो तपासाच. शिवाय गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे सीएनजीवर झिजलेला प्लग आधी मिसिंग दाखवतो. तीच गाडी पेट्रोलवर गुळगुळीत चालत असेल तर पहिला संशय प्लग आणि कॉइलवर.

हवा नेमकी कुठून जातेय हे हेड न उघडता कळेल का?

कळतं, आणि मला ही तपासणी कॉम्प्रेशनपेक्षाही आवडते. त्या सिलिंडरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना अगदी वर आणायचा आणि प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलकडून आला तर इनटेक. ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक धरा, नाहीतर हवेने पिस्टन खाली ढकलला जातो, आणि पान्यात हात असेल तर लागतो.

जुनी गाडी घेतोय. विकणाऱ्याला प्लग काढून दाखवायला सांगू का?

जरूर. तयार नसेल तर तेही उत्तरच आहे. चारही प्लग कोरे करकरीत असतील तर ते काहीच सांगत नाहीत. तुम्ही जाण्याआधी बदललेले असू शकतात. तेव्हा कॉम्प्रेशन घ्या. बॉनेटवर हात ठेवून बघा, गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर सकाळचा धूर तुम्हाला दिसणार नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. झाकणातून धूर धापा टाकत बाहेर येत असेल, ज्याला आमच्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर गेज लावल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पाचगणी-महाबळेश्वरला रीडिंग कमी येतं का?

येतं. उंचीवर हवाच विरळ. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. खाली १७५ आलेली गाडी वर तपासली तर १६३च्या जवळ येईल, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नाही. मुंबईत घेतलेल्या आकड्याशी वरचा आकडा ताडून बघू नका.

प्लग कुठला घ्यावा आणि किती घट्ट करावा?

कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच. उष्णतेच्या नंबरात एक गंमत आहे: एनजीके आणि डेन्सोमध्ये नंबर वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलट. त्यामुळे दुकानदाराने "हाच चालतो" म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर नंबर ताडून घ्या. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि ८०० अंशांच्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका. साधे निकेल प्लग ३०-४० हजार किलोमीटरला बदलावेत, इरिडियम लाखाच्या आसपास जातात. इरिडियमला तारेचा ब्रश लावू नका आणि गॅप ठोकून जुळवू नका, टोक मोडतं.

बसवताना आधी बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, काढून परत लावा. १४ मिलिमीटर आट्यांचा वायसरवाला नवा प्लग बोटाने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच जुना परत बसवताना वायसर आधीच दबलेला असतो, टेकल्यावर जेमतेम बारावा भाग फेरा पुरतो.

स्कॅनर लावला की सगळं कळतं ना?

स्कॅनर पी०३०३ म्हणेल, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. का, हे तो सांगत नाही. पहिल्या आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल बदला. तिसऱ्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल, आणि तरीही हलला नाही तर गेज काढा.

डिझेलला हीच पद्धत?

तत्त्व तेच, पण डिझेलला स्पार्क प्लग नसतात. ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी गेज लागतं आणि दाब साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. पेट्रोलचं ३०० पीएसआयचं गेज तिथे लावलं तर काटा वाकून परत येत नाही. आमच्याकडचं एक असंच गेलं, अजून भिंतीवर टांगलेलं आहे.